सजद्यातला हिशेब

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती तेव्हाची गोष्ट. असरच्या नमाजला मशिदीत पोहोचायला उशीर झाला, जमात होऊन गेली होती. वुजू करून एका खांबाआड एकटाच उभा राहिलो. नमाज पुरी करून सलाम फेरला तेव्हा माझ्याजवळ एक पक्का हिशेब तयार होता. मुलीच्या कॉलेजची फी, पतपेढीचा हप्ता, प्रॉव्हिडंट फंडातून किती उचल मिळेल, घराच्या गळक्या पत्र्यांचं काम दिवाळीच्या सुट्टीपर्यंत लांबवता येईल का, सगळं बिनचूक जुळलं होतं. फक्त आपण चार रकात पढलो की तीन, हे काही केल्या आठवेना.

शेजारी तसबीह घेऊन एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी संकोचत विचारलं, "चाचा, मेरी कितनी हुई? देखे क्या तुम?" ते हसले. म्हणाले, "मास्तर, मैं कहाँ देखता? मैं तो अपनेच खेत में था." त्यांच्या बांधाचा दावा तेव्हा कोर्टात चालू होता, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

या प्रसंगावर मी पुढे बरेच दिवस विचार करत राहिलो. तोही नमाजमध्येच, हे वेगळं सांगायला नको.

मनाची ही धावपळ काही मुसल्यावरच होते असं नाही. दिवसभर ती चालूच असते. मुसल्यावर फक्त ती पकडली जाते, कारण तिथं हातात दुसरं काम नसतं. वर्गात शिकवताना मी उद्याच्या तपासणीत असे, तपासणीच्या दिवशी परवाच्या मीटिंगमध्ये. रात्री दोनला जाग आली की वीस वर्षांपूर्वी कुणीतरी केलेला अपमान आठवे आणि तेव्हा जे उत्तर सुचलं नव्हतं ते आता अंथरुणात तयार होई. उत्तर चांगलं असे, पण ज्याला द्यायचं तो माणूस वारलेला. बायको म्हणे, "झोपा की जरा, डोळे मिटलेत पण झोपला नाहीत, कळतं मला." मन शांत करण्याचे जे जे उपाय कानावर आले ते करून पाहिले. झोपताना शंभरपासून उलटे आकडे मोजले. गणिताच्या मास्तराला हा उपाय कुणी सांगू नये. मी मध्येच मूळ संख्या शोधायला लागलो.

आपल्या धर्मपरंपरेला मनाचा हा स्वभाव चांगला ठाऊक आहे. हदीसमध्ये वर्णन आहे की माणूस नमाजला उभा राहिला की सैतान येऊन त्याच्या मनात शिरतो आणि अमुक आठव, तमुक आठव असं सांगत राहतो. एरवी जे आठवलंही नसतं ते नेमकं तेव्हा आठवतं, आणि शेवटी किती रकात झाल्या याचाच पत्ता राहत नाही. चौदाशे वर्षांपूर्वी, ज्या मदीनेत ना पतपेढी होती ना प्रॉव्हिडंट फंड, तिथल्या माणसांनाही हे सांगावं लागलं होतं. आणि त्यावरचा उपाय पाहा. किती रकात झाल्या याची शंका राहिली तर कमी आकडा धरायचा, नमाज पुरी करायची आणि शेवटी दोन सजदे जास्तीचे करायचे. सजदा-ए-सहव. शिक्षा नाही, की तुझी नमाज वाया गेली अशी धमकी नाही. मन भरकटणार हे धरूनच नियम केलेला आहे. मला त्या दिवशी खांबाआड हे सुचलं, तेव्हा प्रथमच वाटलं की या दोन सजद्यांत केवढी माणुसकी आहे.

मग मन आवरायचं कसं? मी नववीला बहिणाबाई चौधरींची मनावरची कविता कितीतरी वर्षं शिकवली. (गणिताच्या मास्तराला मराठीचे तास का, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांनी ग्रामीण शाळेत नोकरी केलेली नसावी.) असोद्याच्या या निरक्षर शेतकरी बाईनं मनाला उभ्या पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली आहे. कितीही हाकला, पुन्हा पिकावर. शेतकऱ्यांच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नसे. पुढे इमाम गजालींच्या 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये नमाजच्या अंतरंगाविषयीचं प्रकरण वाचलं तेव्हा थबकलोच. तिथं असाच एक माणूस आहे. तो झाडाखाली बसून एकाग्र होऊ पाहतो, पण फांद्यांवर चिमण्या कलकलाट करतात. तो काठीनं त्यांना हाकलतो, परत बसतो, चिमण्या परत येतात. अकराव्या शतकातला खुरासानचा इमाम आणि विसाव्या शतकातली खानदेशची बाई, दोघांचाही अनुभव एकच. हाकलून उपयोग नाही.

पण इथून पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. बहिणाबाई मनाच्या या अचाट स्वभावाचं नवल करतात आणि शेवटी ते निर्माण करणाऱ्यालाच प्रश्न विचारतात. गजाली मात्र उपाय सांगतात. त्या माणसाला सल्ला मिळतो की बाबा, सुटका हवी असेल तर झाडच तोड. झाड म्हणजे दुनियेची आसक्ती. तिच्या फांद्या पसरल्या की विचारांच्या चिमण्या येणारच. बाहेरच्या अडथळ्यांसाठी ते साधे उपाय देतात, नजर खाली ठेवा, भिंतीजवळ उभे राहा, अंधाऱ्या खोलीत नमाज पढा. पण आतल्या अडथळ्यावर इलाज एकच, मुळाशी घाव.

गजालींविषयी पूर्ण आदर ठेवून मला इथं अडतं. माझ्या झाडावर ज्या चिमण्या आहेत त्यांची नावं मी सांगू शकतो. एकीचं नाव मुलीचं शिक्षण, दुसरीचं नाव आईचं औषध. ही आसक्ती आहे की जबाबदारी? मुलीच्या फीचा विचार मनातून मुळासकट उपटून टाकला तर मी चांगला नमाजी होईन कदाचित, पण बाप म्हणून कुठं उभा राहीन? गजाली स्वतः मोठ्या मनस्तापातून गेलेले होते. बगदादच्या निजामिया मदरशात त्यांच्याएवढा मान कुणाला नव्हता, आणि १०९५ साली एकाएकी त्यांची जीभच चालेना. वर्गात बसत, पण तोंडातून शब्द फुटत नसे, घास गिळवत नसे. हकिमांनी सांगितलं की दुखणं मनातून शरीरात उतरलेलं आहे, मनाचा भार हलका झाल्याशिवाय औषध लागू पडणार नाही. त्यांनी पद सोडलं, कुटुंबाच्या पोटापाण्याची तजवीज ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली आणि दमास्कस गाठलं. तिथं उमय्या मशिदीच्या मिनारात दार लावून ते एकांतात बसत. झाड तोडलं म्हणायचं ते याला. पण त्यांनीच आपल्या आत्मकथनात पुढे लिहून ठेवलंय की मुलाबाळांच्या हाका त्यांना परत घरी घेऊन आल्या. हे वाक्य बयानांत कुणी सांगत नाही. मला मात्र त्या थोर माणसाच्या मिनारापेक्षा त्याचं घरी परतणं जास्त जवळचं वाटतं.

बयानांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नमाजमधल्या एकाग्रतेवर बोलायचं म्हटलं की आपल्याकडे एक गोष्ट हमखास येते. हजरत अलींच्या पायात रुतलेला बाण ते नमाजमध्ये असताना काढला गेला आणि त्यांना कळलंही नाही, ही ती गोष्ट. तिच्या ऐतिहासिक खरेपणाचा वाद बाजूला ठेवू. ऐकणाऱ्याच्या मनावर तिचा परिणाम काय होतो? खरी हजेरी म्हणजे आजूबाजूचं काहीच न जाणवणं, असा समज पक्का होतो. आणि ज्याला डास चावलेलाही कळतो तो बिचारा मान खाली घालून घरी जातो.

आता बुखारी शरीफमधली दुसरी एक गोष्ट घ्या. पैगंबर सांगतात, मी नमाज लांबवायच्या इराद्यानं उभा राहतो, पण मागं एखाद्या बाळाचं रडणं कानावर येतं, आणि त्याच्या आईच्या जिवाची घालमेल होईल म्हणून मी नमाज आटोपती घेतो. ज्यांच्या नमाजपेक्षा श्रेष्ठ नमाज आपण मानत नाही, त्यांना मागच्या ओळीतलं मूल ऐकू येत होतं. ते ऐकू येणं हा त्यांच्या हजेरीतला दोष नव्हता. उलट मला तर वाटतं, जो पूर्ण हजर असतो त्यालाच बाळाचं रडणं ऐकू येतं. मी त्या दिवशी खांबाआड होतो तेव्हा एखादं मूल रडलं असतं तर मला कळलंही नसतं, आणि ते काही बाण न जाणवण्याच्या जातीचं नव्हतं.

त्याच ग्रंथात आणखी एक प्रसंग आहे, तो तर योगायोगानं असरचाच. नमाज संपताच पैगंबर घाईनं उठले आणि लोकांच्या रांगा ओलांडत घरात गेले. लोक घाबरले. परत येऊन त्यांनी सांगितलं की घरात थोडं सोनं राहिल्याचं मला आठवलं, ते अडकवून ठेवणं मला आवडलं नाही, वाटून टाकायला सांगून आलो. म्हणजे नमाजच्या वेळी विचार त्यांच्याही मनात आला. त्या विचाराशी ते भांडले नाहीत आणि त्याच्या मागं वाहतही गेले नाहीत. नमाज पुरी केली, उठले, काम केलं. विचार संपला. आपल्याकडे काय होतं? विचार नमाजमध्ये येतो, नमाजनंतर चहावर बोलला जातो, रात्री अंथरुणात पुन्हा येतो, आणि काम तसंच पडून राहतं. माझ्या चिमण्यांपैकी निम्म्या तरी अशा होत्या की एक पोस्टकार्ड टाकलं असतं तर उडून गेल्या असत्या.

हजरत उमर तर मोकळेपणानं सांगत की मी नमाजमध्येही लष्कराची तयारी करतो. यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलं आहे. मी एवढंच म्हणेन की त्यांच्यावर लष्कर होतं. माझ्यावर पत्रे होते.

इतका वेळ मी नमाजविषयी बोलतोय, पण मला जे सांगायचंय ते खरं म्हणजे नमाजचं नाही. ते अब्बांचं आहे.

अब्बा शिंपी होते. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी बाजारपेठेत त्यांचं एक खणाचं दुकान होतं. शिवणयंत्राचं काम करताना ते गप्पा मारत, गिऱ्हाइकाशी भावावरून वाद घालत, रेडिओ ऐकत. पण हातानं काज करायला घेतलं की बोलणं बंद. बोटात अंगुस्तान, सुई, रेशमी दोरा, आणि डोळे त्या अर्ध्या इंचावर. आम्हा पोरांना ताकीद होती की काज चालू असताना हाक मारायची नाही. "नजर हिली तो टाका हिलता," असं ते म्हणत. दिवसाला किती काज होत देव जाणे, पण त्या वेळचा त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यात समाधी वगैरे काही नव्हतं. एक माणूस आपल्या कामापाशी होता, एवढंच.

शेवटच्या वर्षी त्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं पण गेलं नाही. आठ महिने ते अंथरुणाला होते. इशाची नमाज झाली की मी त्यांच्या पायथ्याशी बसून पाय दाबत असे. अर्धा-पाऊण तास. गावात माझं नाव झालं, मास्तर बापाची खिदमत करतो म्हणून. अब्बा त्या वेळी बोलत असत. एक एक शब्द जुळवत, थांबत थांबत. बालपणाच्या गोष्टी, त्यांचे उस्ताद, हैदराबादहून आलेल्या कुण्या माणसाची शेरवानी, एकदा पुरात अडकल्याची हकिकत. मी "हं, हं" करत असे. हात पायावर, मन शाळेतल्या गटबाजीत. मुख्याध्यापकपदाचा प्रश्न तेव्हा पेटलेला होता आणि मी मनातल्या मनात रोज एक अर्ज लिहीत होतो.

एका रात्री ते मध्येच थांबले. बराच वेळ. मग म्हणाले, "किधर गया रे तू?"

मी दचकून म्हटलं, "यहींच हूँ अब्बा."

ते काही बोलले नाहीत. डावा पाय, जो चालत होता तो, त्यांनी हळूच माझ्या हातातून काढून चादरीखाली घेतला. "बस हो गया. जा, सो जा."

त्यानंतरही मी रोज पाय दाबले. पण गोष्टी कमी झाल्या. ते गेले, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. मधे माझ्या नातीला शाळेत आजोबा-पणजोबांची माहिती लिहून आणायला सांगितली, तेव्हा मी बसलो आठवायला. उस्तादांचं नाव आठवेना. शेरवानी कुणाची होती, तिचं पुढे काय झालं, काही नाही. पुरातून ते बाहेर कसे आले हे मला माहीत नाही. आठ महिने, रोज अर्धा तास, तो माणूस मला सांगत होता, आणि त्यातलं माझ्याजवळ एक वाक्य शिल्लक आहे. ते गोष्टीतलं नाही.

आज 'वर्तमानात जगा' हे वाक्य जिथं तिथं ऐकू येतं. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात दुखण्यानं गांजलेल्या रोग्यांसाठी बौद्ध ध्यानपद्धतीच्या आधारानं काही आठवड्यांचा पाठ सुरू केला. त्यातून 'माइंडफुलनेस' हा शब्द जगभर गेला. आपल्याकडे इगतपुरीला विपश्यना शिकायला लोक फार आधीपासून जातात. २०१० साली हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सव्वादोन हजारांवर माणसांना मोबाइलवरून वेळी-अवेळी विचारलं की आत्ता काय करताय आणि मन कुठं आहे. जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं, आणि मन दुसरीकडे असताना माणसं कमी सुखी होती. संशोधन महत्त्वाचं आहे. पण हे सगळं सांगताना हिशेब एकच मांडला जातो, की मन भटकलं तर तुमचं सुख कमी होतं, तुमची झोप जाते, तुमचा रक्तदाब वाढतो. सगळीकडे तुमचं. अब्बांच्या पायथ्याशी बसलेल्या माझं सुख किती कमी झालं हा प्रश्नच नव्हता. तिथं नुकसान अब्बांचं झालं. त्यांना ऐकणारा हवा होता, तो समोर बसलेला होता आणि तरी नव्हता.

म्हणून मला वाटतं, हा विषय मनःशांतीचा कमी आणि हक्काचा जास्त आहे. आपल्याकडे 'हुकूकुल-इबाद' हा शब्द आहे, बंद्यांचे एकमेकांवरचे हक्क. आपण तो मालमत्ता, कर्ज, वारसा यांपुरता ठेवलाय. सलमान फारसी यांची हकिकत प्रसिद्ध आहे. त्यांचे मानलेले भाऊ अबू दर्दा दिवसा रोजे आणि रात्रभर नमाज यांत इतके बुडाले होते की बायकोकडे लक्ष राहिलं नव्हतं. सलमान पाहुणे म्हणून गेले, घरातली अवस्था पाहिली. त्यांना रोजा सोडून जेवायला लावलं, रात्री उठू लागले तर झोपायला लावलं, आणि पहाटेपूर्वी दोघांनी मिळून नमाज पढली. मग समजावलं की रबचा तुझ्यावर हक्क आहे तसा तुझ्या जिवाचा आहे, घरच्यांचाही आहे, ज्याचा त्याला दे. पैगंबरांनी सलमान यांना दुजोरा दिला. ज्या वेळी ज्याचा हक्क, त्या वेळी त्याच्यापाशी असणं, वर्तमानात राहण्याचा याहून सरळ अर्थ मला सापडलेला नाही. सजद्याच्या वेळी मुलीच्या फीनं यायचं नाही. पण फीचा हिशेब करायला वही घेऊन बसलो असेन तेव्हा सजद्यातली उणीव आठवून हळहळायचं नाही. तो वेळ वहीचा. उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेव असं सांगणारा धर्म उद्याच्या विचाराला गुन्हा मानत नाही. तो उद्यासाठी दोरी वळायला सांगतो. आणि दोरी वळणं आजच, दोन हातांनी, करायचं काम असतं.

सूफींनी अशा माणसाला 'इब्नुल-वक्त' म्हटलं, वेळेचं लेकरू. नक्शबंदी सिलसिल्यात तर अगदी हातात धरता येतील अशा सूचना आहेत. बुखाऱ्याजवळच्या गिज्दुवानचे ख्वाजा अब्दुल खालिक यांच्या नावावर त्या सांगितल्या जातात. 'होश दर दम', श्वासाश्वासाला जाग. 'नजर बर कदम', नजर आपल्या पावलावर. आणि 'खिल्वत दर अंजुमन', चारचौघांत राहून एकांत. ही परंपरा लांबची वाटते, पण बुखाऱ्याकडून आलेले नक्शबंदी बुजुर्ग बाबा शाह मुसाफिर आपल्या महाराष्ट्रातच, पाणचक्कीला, विसावले आहेत. परीक्षेच्या कामासाठी तेव्हाच्या औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला, गेलो होतो तेव्हा तिथं एक दुपार काढली. दूर डोंगराकडून मातीच्या नळांतून जमिनीखालून पाणी आणलेलं, आणि त्या पाण्याच्या जोरावर फिरणारं जातं. तकियातल्या दर्वेशांसाठी, वाटसरूंसाठी त्यावर पीठ दळलं जाई. मला दादीची आठवण झाली. रिकामं जातं फिरवलं की ती ओरडायची. पाळ्या एकमेकींना खातात, म्हणायची. मन फिरायचं थांबत नाही हे खरं. पाणी वरून येतच राहतं. पण पाळीखाली दाणे असले तर तेच फिरणं कुणाच्या तरी भाकरीला उपयोगी पडतं.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक बेचैन मनाला 'हजर राहा' म्हणणं बरोबर नाही. मुंबईच्या १९९२-९३च्या दंगलीतून वाचलेला माझा एक नातलग पुढे किती वर्षं जिन्यावर पावलं वाजली की उठून बसे. त्या मनाला जागं राहणं शिकवलं होतं प्रसंगानं. त्याला श्वासाकडे लक्ष दे म्हणून सांगण्याआधी दाराला चांगली कडी आणि शेजाऱ्याचा शब्द द्यावा लागतो. दुसरं, ज्याला आपण वसवसा किंवा वहम म्हणतो त्याचं. वुजू झाला की नाही या शंकेनं तासतास पाणी ओतणारी, कातडी सोलवटेपर्यंत हात धुणारी माणसं आपल्या मोहल्ल्यांत आहेत. आपण त्यांना हसतो, नाहीतर जास्त परहेजगार समजतो. हा आजार आहे आणि त्याला डॉक्टर आहेत. दहाव्या शतकात, ९३४ साली वारलेल्या अबू जैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकाच ग्रंथात लिहिलं, आणि मनाच्या दुखण्यांत वसवशाला वेगळी जागा दिली. अशा माणसाला त्यांचा सल्ला एकांताचा नव्हता. एकटं बसू नये, रिकामं बसू नये, माणसांत राहावं, असं ते सांगतात. मिनारात दार लावून बसणं प्रत्येकाला मानवत नाही, हे गजालींच्या दीडशे वर्षं आधी एका मुस्लिम विद्वानानं ओळखलं होतं. आज आपल्याच घरातल्या अशा मुलाला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायला आपण लाजतो.

मी स्वतः काय करतो? फार काही नाही. खिशात एक छोटी डायरी असते. वुजूला बसण्याआधी जे डोक्यात घोळत असेल ते तीत लिहून ठेवतो, म्हणजे नमाजनंतर ते माझी वाट बघत असतं आणि मला त्याला धरून ठेवावं लागत नाही. रात्री दोनला जाग आली तर उठून पाणी पितो, तांब्याचा गारवा हाताला लागतो का ते बघतो. कधी लागतो. बायको बोलत असली की वर्तमानपत्र खाली ठेवतो. हे तिला सुरुवातीला संशयास्पद वाटलं. "काय झालंय तुम्हाला?" म्हणून तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

सुधारलो म्हणावं तर तसंही नाही. काल मगरिबला पुन्हा घोळ झाला, दोन की तीन. कमी आकडा धरला, दोन सजदे जास्तीचे केले. घरी आलो तर नात अंगणात बसून तिच्या शाळेतली काहीतरी लांबलचक हकिकत सांगायला लागली. कुणाचा तरी डबा, कुणीतरी लपवला, मग बाईंनी कुणाला तरी उभं केलं. ती मध्येच थांबली. माझ्याकडे बघत म्हणाली, "नाना, ऐकताय ना?"

मी म्हटलं, "नाही बेटा. डबा लपवला इथपर्यंत ऐकलं. पुढचं परत सांग."

तिनं एक सुस्कारा सोडला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.